आखाजीच्या आधी एसी घ्यायचाय

घरातली यंत्रं : वाचकांचे प्रश्न

होळी झाली की या सदराच्या पत्रांचा विषय बदलतो. थंडीभर गिझर आणि पाण्याच्या मोटारी, आणि मग एकदम एसी. यंदाही रावेरपासून धुळ्यापर्यंतच्या पत्रांत तेच आहे, आणि त्यातही खिडकीत बसणाऱ्या एसीबद्दल जास्त. मी गेली 27 वर्षं सावदा-भुसावळ पट्ट्यात हेच काम करतो. घरातले एसी, दुकानातले फ्रीजर, आणि केळी पिकवायचे चेंबर. जे हाताखालून गेलंय, त्यावरूनच उत्तरं देतो.

प्रश्न : आमचं बैठं घर आहे, वर थेट स्लॅब. 10 बाय 12 ची खोली, पश्चिमेला भिंत, उत्तरेला खिडकी. सासरे आता अंथरुणावरच असतात, त्यामुळे एसी दिवसाही चालेल. दुकानदार दीड टनाचा पाच स्टार विंडो एसी घ्या म्हणतो. तीन स्टारचा 4,000 रुपयांनी स्वस्त आहे. शेजारचे म्हणतात, स्टार नुसते दाखवायचे असतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही नणंदा मुलांना घेऊन येतील, त्याआधी बसवायचा आहे. कोणता घेऊ?
– एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचं म्हणणं खरं नाही. पण नुसते स्टार मोजूनही हिशेब लागत नाही. दुकानात गेलात की एसीवर चिकटवलेलं बीईईचं, म्हणजे हे स्टार ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, लेबल वाचा. त्यावर वर्ष असतं, आयएसईईआर नावाचा एक आकडा असतो आणि वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं. सबंध हंगामात एसीने खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढली, तिला त्याने खाल्लेल्या विजेने भागलं की येतो तो आयएसईईआर. हा आकडा जितका मोठा, तितका एसी काटकसरी.

वर्षाची युनिटं मात्र एसी 1,600 तास चालेल असं धरून काढलेली असतात. हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही, आणि सगळा हिशेब तर यावरच आहे. समजा, तीन स्टारच्या लेबलावर 1,250 युनिट आहेत आणि पाच स्टारच्या लेबलावर 1,100. फरक 150 युनिटांचा. आता एखाद्या घरात एसी फक्त रात्री 8 तास लागतो, एप्रिल, मे आणि निम्मा जून, असे 75 दिवस. झाले 600 तास. त्यांचे वाचतील साधारण 56 युनिट. युनिटला 12 रुपये धरले तर 675 रुपये. वर दिलेले 4,000 रुपये फिटायला सहा उन्हाळे जातील. तुमच्याकडे सासरे दिवसभर खोलीत. 14 तास आणि 100 दिवस धरा, म्हणजे 1,400 तास. तुमचे 131 युनिट वाचतात, दीड हजाराच्या वर रुपये होतात. तिसऱ्या उन्हाळ्यात पैसे फिटले. म्हणून तुम्ही पाच स्टारच घ्या. फक्त रात्रीपुरता एसी लावणाऱ्या घराला मी तीन स्टार सांगितला असता.

12 रुपये मी हिशेबापुरते धरलेत. तुम्ही तुमचं बिल काढून बघा. घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे बदलतात, आणि वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. एसी लागला की 200 युनिटांचं घर सहज 300 च्या पुढे जातं. तेव्हा हिशेब करताना त्या टप्प्याचा दर धरा, बिलाची सरासरी धरू नका.

आता टनाचं. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी काढू शकणारं यंत्र एक टनाचं. वॅटमध्ये ते साधारण 3,500 होतं. 120 चौरस फुटांना एक टन पुरतो असं पुस्तकात आहे, पण एसीची ही क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश असताना. बाहेरचं तापमान वाढलं की तोच एसी कमी उष्णता काढतो आणि वीज जास्त खातो. लेबलाचा हिशेबसुद्धा 24 ते 43 अंशांपर्यंतचाच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 ओलांडतो हे काय मी अमळनेरच्या माणसाला सांगायचं? त्यात तुमची पश्चिमेची भिंत आणि वर उघडा स्लॅब. दीड टनच घ्या, दुकानदार बरोबर सांगतोय. दोन टनाचा मात्र नको. आखाजीला सहा-सात पोरं त्या खोलीत जमतील, दार सारखं उघडेल, दोन दिवस गारवा कमी वाटेल. त्या दोन दिवसांसाठी वर्षभराचं यंत्र मोठं घेऊ नका.

आणखी एक सांगतो, दुकानदाराला आवडणार नाही. खिडकीच्या एसीचे पाच स्टार आणि स्प्लिटचे, म्हणजे एक पेटी आत आणि एक बाहेर असलेल्या एसीचे, पाच स्टार सारखे नसतात. दोघांचे तक्ते वेगळे आहेत. 2022 च्या जुलैत जो तक्ता लागू झाला, त्यात खिडकीच्या एसीला 3.50 आयएसईईआरवर पाच स्टार मिळत होते, तर स्प्लिटला पाच स्टारसाठी 5.00 लागत होता. 3.80 चा स्प्लिट तीन स्टारात मोजला जायचा. म्हणजे तीन स्टारचा स्प्लिट पाच स्टारच्या खिडकीवाल्यापेक्षा कमी वीज खायचा! घर तुमचं स्वतःचं आहे, तास जास्त आहेत, म्हणून तुम्ही एकदा तीन स्टार स्प्लिटचंही लेबल शेजारी ठेवून वाचा. बसवायचा खर्च आणि बाहेरच्या युनिटला सावलीची जागा, दोन्ही जमत असेल तर तो विचार करा. जमत नसेल तर पाच स्टार खिडकीवाला घ्या आणि मनात काही ठेवू नका.

घ्यायच्या आधी दुकानात तो चालू करायला लावा आणि पाच मिनिटं शेजारी उभ्या राहा. खिडकीच्या एसीत कॉम्प्रेसर त्याच पेटीत असतो, आवाज खोलीत येतोच. आजारी माणसाला दिवसभर तो ऐकायचा आहे. घरी बसवल्यावर झोत सासऱ्यांच्या अंगावर थेट येऊ देऊ नका, पट्ट्या वर करून ठेवा. 26 अंश आणि छताचा पंखा मंद, एवढं त्यांना पुरेल.

प्रश्न : रेल्वेत आहे, दर चार-पाच वर्षांनी बदली होते. क्वार्टर जुना, भिंती दीड फुटाच्या. विंडो एसी बरा की स्प्लिट?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, तुमच्यासाठी खिडकीचाच. बदली झाली की चार माणसं उचलून टेम्पोत ठेवतात आणि नव्या घरी संध्याकाळी तो चालू होतो. स्प्लिट काढताना गॅस बाहेरच्या पेटीत ओढून घ्यावा लागतो, पाइप वाकतात, दुसरीकडे पुन्हा भिंत फोडावी लागते. दर बदलीला हा खर्च वाढत जातो.

पण दीड फुटाची भिंत हे वाचून मी थांबलो. एक जुना प्रसंग सांगतो. यावल तालुक्यात एका धाब्याच्या घरात मी एसी बसवला होता. मातीची जाड भिंत, खिडकीची चौकट आतल्या बाजूला. मी एसी चौकटीत नीट बसवला, चहूबाजूंनी थर्माकोल भरला, काम देखणं झालं. आठव्या दिवशी निरोप आला की रोज दुपारी दोनला एसी बंद पडतो. मी दोनदा जाऊन वायरिंग तपासलं, गॅस तपासला, कंपनीचा माणूस बोलावला. दोष माझ्याच कामात होता. खिडकीच्या एसीच्या पेटीला मागच्या भागात दोन्ही बाजूंना आणि वर जाळ्या असतात. तिथून तो बाहेरची हवा आत ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. माझ्या कामात त्या जाळ्या भिंतीच्या जाडीत अडकल्या होत्या. एसी स्वतःनेच फेकलेली गरम हवा परत ओढत होता, आणि दुपारी कॉम्प्रेसर तापून स्वतःला बंद करून घेत होता. ज्या घरमालकांनी माझ्यावर भरवसा ठेवला, त्यांनी इतके दिवस उन्हाळ्यात हे सोसलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे लोखंडी स्टँड करून पेटी पुढे बाहेर काढली आणि तोच एसी नीट चालू लागला.

म्हणून तुम्ही आधी टेप घेऊन भिंतीची जाडी मोजा, आणि दुकानात पेटीच्या पुढच्या कडेपासून बाजूच्या जाळ्यांपर्यंतचं अंतर मोजा. जाळ्या भिंतीच्या बाहेर पूर्ण मोकळ्या राहिल्या पाहिजेत. क्वार्टरची भिंत किंवा चौकट फोडायची असेल तर आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. बाहेर पेटीच्या मागे दोन फूट तरी मोकळी जागा हवी. वर छज्जा असेल तर उत्तम, पण जाळीवर पोतं किंवा ताडपत्री टाकून सावली करू नका. मागे अर्ध्या इंचाचा उतार ठेवतात, म्हणजे पाणी खोलीत येत नाही. काही नव्या मॉडेलांत तो उतार तळातच दिलेला असतो, तेव्हा सोबतचं पुस्तक बघून मगच स्टँड वेल्ड करा.

प्रश्न : ओळखीतला एक जण 2012 चा पाच स्टार विंडो एसी निम्म्याहून कमी किमतीत देतोय. घ्यावा का?
– एक वाचक, सावदा

उत्तर : नको. बीईईचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. 2012 चे पाच स्टार आजच्या तक्त्यात खाली येतील. लेबलावर वर्ष छापतात ते याचसाठी. त्या काळच्या खिडकीच्या एसीत बहुतेक आर-22 गॅस असायचा. ओझोनच्या थराला तो अपाय करतो म्हणून जगभर तो बंद होत चाललाय, त्यामुळे उद्या गळती निघाली तर भरायलाही महाग पडेल. नव्या एसीत आर-32 आणि काहींत आर-290 असतो. नवा घेताना गॅसचं नाव पेटीवरच्या पट्टीवर वाचून ठेवा. आर-32 आणि आर-290 दोन्ही पेट घेऊ शकणारे आहेत, म्हणून गॅसचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. स्वस्तातला हात इथे चालत नाही.

प्रश्न : 18 वर ठेवला तर खोली लवकर गार होते ना?
– एक विद्यार्थी वाचक, नंदुरबार

उत्तर : नाही रे. साधा, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणारा) खिडकीचा एसी 18 वर ठेवला काय आणि 25 वर ठेवला काय, तितक्याच जोराने चालतो. फक्त 18 वर तो बंदच होत नाही. एक अंश वर गेलास की विजेत साधारण 6 टक्के बचत होते असं बीईई सांगतं. 2020 च्या जानेवारीपासून स्टार असलेले एसी मुळात 24 वर लावूनच येतात, तेही याच कारणाने.

प्रश्न : गावात डीपीपासून (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटचं घर आमचं. संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब लुकलुकते. एक टनाचा एसी चालेल का? साधा स्टॅबिलायझर पुरेल?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : जिभाऊ, पहिलं काम : एखाद्या वायरमनकडून संध्याकाळी सात ते दहा दर तासाला मीटर लावून व्होल्टेज मोजून घ्या, चार दिवस. आकडे कागदावर लिहा. मोजल्याशिवाय स्टॅबिलायझर घेणारे खूप पाहिलेत, आणि तो नेमका हव्या त्या वेळी बंद पडतो. स्टॅबिलायझरच्या पेटीवर तो किती व्होल्टपासून काम करतो ते लिहिलेलं असतं. काही 170 पासून, काही 130 पासून. तुमच्याकडे 150 पडत असेल तर 170 वाला काहीच कामाचा नाही. तो एसीची वीज तोडून मोकळा होईल.

व्होल्टेज कमी असताना साधा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि आतली वाइंडिंग तापते. अशाच घरांतले कॉम्प्रेसर माझ्याकडे जळून आलेत. लाइट गेली आणि लगेच आली, तरी कॉम्प्रेसरला तीन मिनिटं थांबू द्यायचं असतं. आतला गॅसचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. टाइम-डिले असलेलाच स्टॅबिलायझर घ्या.

घरातली वायरही बघा. पंख्याच्या लाइनीवरून एसीला सॉकेट काढलेलं मी अजून दर उन्हाळ्यात बघतो, आणि काळे पडलेले प्लगही. मेन बोर्डापासून एसीपर्यंत स्वतंत्र लाइन, 4 एमएम तांब्याची, तिला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा, आपली काळी माती वाळून भेगाळली की अर्थ लागत नाही. मीटरचा मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या. एवढं केल्यावरही व्होल्टेज 130 च्या खाली जात असेल तर यंदा एसी घेऊ नका. गावातल्या चार घरांनी मिळून डीपीचा अर्ज करा, मोजलेल्या आकड्यांचा कागद सोबत जोडा.

प्रश्न : कूलर आहेच. एसी घेतल्यावर दोन्ही लावले तर बिल कमी येईल का?
– एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : एकाच वेळी दोन्ही कधीच नाही, ताई. कूलर हवेत ओल भरतो आणि एसीला आधी ती ओल पाणी करून बाहेर काढावी लागते. वीज त्यातच जाते. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद.

पण कूलर विकू नका. एप्रिल-मेची आपली हवा कोरडी असते, त्या हवेत कूलर छान चालतो, आणि मोठा कूलरही साधारण 200 वॅट खातो, तर दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. पाणी असेल तोवर दिवसा बाहेरच्या खोलीत कूलर आणि रात्री झोपायच्या खोलीत एसी, ही वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. मृगाचा पहिला पाऊस पडला, हवा चिकट झाली की कूलरचा उपयोग संपला. तिथून पुढचे दोन-तीन आठवडे एसीचेच. एकाच खोलीत दोन्ही असतील तर कूलर बंद करून तासभर दारं-खिडक्या उघड्या ठेवा, मग एसी लावा.

प्रश्न : मागच्या वर्षी पाच स्टार दीड टनाचा विंडो एसी घेतला. वरच्या मजल्यावर खोली आहे. रात्री बारापर्यंत गारच होत नाही आणि बिल दुप्पट आलं. एसी खराब आहे का? बारानंतर मात्र थंडी वाजते.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी आहे : ‘बारानंतर मात्र थंडी वाजते.’ भाऊ, एसी चांगला आहे. तुमचा स्लॅब तापलाय. दिवसभर तो ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर ती सगळी उष्णता खोलीत सोडत बसतो. रात्री बारापर्यंत तुमचा एसी खोलीशी नाही, स्लॅबशी झगडतोय.

मी हे केळीच्या चेंबरमध्ये शिकलो. तिथे 16 ते 18 अंश लागतात, आणि पिकणारी केळी स्वतःही उष्णता सोडतात. बाहेर 45 आहे. तरी तिथली मशीन ठरावीक वेळाने बंद होते, कारण भिंती आणि छत पफच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या, पॅनलचे असतात, बाहेरचं ऊन आत पोचतच नाही. एकदा सावद्याला एका चेंबरचं छताचं पॅनल सांध्यात उघडलं होतं, हाताच्या पंजाएवढी फट. मशीन अखंड चालू आणि केळी एका कोपऱ्यात पिवळी, दुसऱ्या कोपऱ्यात हिरवी. शेतकऱ्याने वर्षभर जपलेला माल तसा पाहिल्यावर मी पहिल्यांदा घरांच्या छतांकडे नीट बघायला लागलो. आपण केळीसाठी जेवढा विचार करतो तेवढा आपल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या खोलीसाठी करत नाही.

तेव्हा नवा एसी बघू नका. गच्चीला पांढरा चुना लावा. बांधकामवाल्याकडे कळीचा चुना मिळतो. आदल्या रात्री भिजवून, गाळून, त्यात डिंक मिसळा, नाहीतर वारं सुटलं की पांढरी धूळ घरभर होते. आधी गच्ची झाडून धुऊन पूर्ण वाळू द्या. पहिला हात सकाळी सातच्या आत मारा, कारण नऊनंतर चुना झाडूवरच वाळायला लागतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्याला आडवा. काम झालं की भर दुपारी अनवाणी गच्चीवर जाऊन बघा, फरक तळव्यांना कळेल. पावसात तो धुऊन जातो, पुढच्या फाल्गुनात पुन्हा लावावा लागेल. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी नेट किंवा बांबूचा पडदा लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावरच अडवतो.

आणि एसीची पुढची जाळी काढून बघा. मे महिन्याच्या वावटळीत पंधरा दिवसांत तिच्यावर मातीचा थर बसतो. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. मागची कॉइलही हंगामाच्या आधी एकदा माणूस बोलावून पाण्याच्या फवाऱ्याने साफ करून घ्या, प्लग काढून. मग पहिले आठ दिवस रोज रात्री नऊला मीटरचं रीडिंग आणि सकाळी सहाला रीडिंग वहीत लिहा, आणि ती वही मला पाठवा. चुना लावण्याआधीच्या दोन रात्रीही त्यात असू द्या.